शेगावचे टक्कल आणि खात्यांमधला अबोला

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलडाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतील लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग केस हातात येणे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बाधितांत लहान मुले होती, तरुण मुलीही होत्या. तोंड लपवून घरात बसण्याची वेळ अनेकांवर आली.

पहिला संशय पाण्यावर गेला. हा भाग पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो आणि तपासणीत काही ठिकाणच्या पाण्यात क्षार व नायट्रेट जास्त आढळले. बुरशीजन्य संसर्गाचीही चर्चा झाली. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पथकाने रक्त, पाणी, अन्न यांचे नमुने नेले. दरम्यान महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे नमुने तपासून घेतले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम खूप वाढलेले, तर जस्त कमी झालेले त्यांना आढळले. रेशनच्या गव्हात किलोमागे सुमारे १४.५ मिलिग्रॅम सेलेनियम असल्याचे त्यांनी फेब्रुवारीत जाहीर केले.

या आकड्याचा अर्थ असा. सेलेनियम शरीराला हवे असते, पण अगदी थोडे. प्रौढासाठी दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम ही सुरक्षिततेची वरची मर्यादा मानली जाते. गव्हातले प्रमाण खरोखर इतके असेल, तर शंभर ग्रॅम कणकेतूनच, म्हणजे तीन-चार पोळ्यांतून, १,४५० मायक्रोग्रॅम पोटात जाते. केस आणि नखे गळणे हे अशा विषबाधेचे ठळक लक्षण आहे. चीनच्या एन्शी भागात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हेच घडले होते. पंजाबातील होशियारपूर आणि नवांशहर परिसरातील काही जमिनी सेलेनियमयुक्त आहेत, हेही कृषी शास्त्रज्ञांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे.

मग ही माहिती शेगावपर्यंत का पोहोचली नाही? कारण ती वेगवेगळ्या कप्प्यांत होती. जमिनीची माहिती कृषी विद्यापीठांकडे. धान्याची खरेदी केंद्राच्या यंत्रणेकडे, वाटप राज्याच्या पुरवठा विभागाकडे. खरेदीच्या वेळी ओलावा, काडीकचरा, तुटके-किडके दाणे पाहिले जातात; सेलेनियम नाही. पाणी जिल्हा परिषदेकडे, रुग्ण आरोग्य विभागाकडे. रोग सर्वेक्षणाची २००४ पासूनची व्यवस्था आहे, पण तिचा मुख्य भर साथीच्या आजारांवर. ताप, जुलाब यांची नोंद तिथे सहज होते. ताटातल्या धान्याकडे तिचे लक्ष जाईलच असे नाही.

लोकप्रतिनिधींची अडचण वेगळी. आमदाराने तारांकित प्रश्न विचारला, तर उत्तर ज्या खात्याला प्रश्न गेला त्याचेच येते. आरोग्य खाते रुग्णसंख्या सांगते, पुरवठा खाते वाटपाचे आकडे सांगते. रुग्णांनी खाल्लेला गहू कोणत्या गोदामातून आणि कोणत्या राज्यातून आला, हे एका कागदावर मिळत नाही. लक्षवेधीने गाजावाजा होतो, पण अधिवेशन संपले की पाठपुरावाही सुटतो.

एप्रिलमध्ये काही जणांची नखे गळू लागली, तेव्हाही गावकरी अंतिम अहवालाचीच वाट पाहत होते. अहवालाला वेळ लागणे शास्त्रात गैर नाही. घाईचा निष्कर्ष जास्त घातक ठरतो. पण अंतिम निष्कर्ष आणि तातडीची सूचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारण पक्के होईपर्यंत संशयित साठा बाजूला ठेवून दुसरे धान्य देता येते. ते करायला फार पैसा लागत नाही, मात्र आरोग्य विभागाचा निरोप पुरवठा विभागाकडे त्याच दिवशी जावा लागतो.

उपायही साधे आहेत. अनाकलनीय आजार आढळताच जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर आरोग्य, पाणी, पुरवठा, कृषी आणि अन्न व औषध प्रशासन यांचा एकच जबाबदार अधिकारी नेमावा. काय तपासले, काय आढळले, काय बाकी आहे, याचे एक पान त्याने दर आठवड्याला ग्रामपंचायतीला आणि स्थानिक आमदार-खासदारांना द्यावे. साठ्याच्या पोत्यांची नोंद रुग्णांच्या यादीशी ताडून पाहावी. बहुतेकांचे केस पुढे उगवले. पण रेशनचे पोते घरी आणताना मनात येणारी शंका, त्या गावांना लेखी उत्तर मिळाल्याशिवाय जाणार नाही.