‘गेलाय तो’ म्हणण्याआधी…

प्रोजेक्ट सबमिशनला नऊ दिवस राहिले होते आणि माझा लॅपटॉप टकटक करायला लागला. आतून कुणीतरी नखाने टिचकी मारतंय असा आवाज. मग स्क्रीन अडकली, मग बंद, मग काहीच नाही. आत 42 विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी होत्या. टीवायबीए, भूगोल. दोन महिने प्रत्येक रविवारी शिवारात फिरून जमवलेल्या. बॅकअप? विचारूच नका.

लॅपटॉप मूळचा ताईचा. 2015 साली पहिली नोकरी लागल्यावर तिने हप्त्यांवर घेतलेला. दुकानात नेला, तर तिथल्या काकांनी झाकण उघडायच्या आधीच निकाल दिला. तोही माझ्याकडे न बघता, बाबांकडे बघून. ‘‘गेलाय तो. यात पैसे घालू नका, नवा घ्या.’’ बाबा म्हणाले, ‘‘बघू.’’ घरच्या ‘बघू’चा अर्थ काय असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

हा लेख मी त्याच लॅपटॉपवर टाइप करतेय. ‘चालू होत नाही’ आणि ‘गेला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक ओळखता येणं प्रत्येक स्टुडंटला जमायला हवं, आर्ट्सवाल्यांनासुद्धा, असं माझं आता ठाम मत झालंय.

कॉलेजच्या लॅबमधल्या दादांनी एकच प्रश्न विचारला होता, ‘‘आवाज डिस्कचा आहे ना? मग बाकीचा लॅपटॉप का गेला म्हणतेस?’’ जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते आणि तिच्यावर वाचणारं हेड. टकटक म्हणजे बहुतेक वेळा तिथलाच बिघाड. अशा वेळी पुन्हा पुन्हा ऑन करून बघायचं नाही, उरलंसुरलंही जातं. मी अडीच इंची साटा एसएसडी घेतली. दोन हजारांच्या आत आली. बॅटरी काढली, मागचे स्क्रू खोलले, जुनी डिस्क बाहेर, नवी आत. वीस मिनिटांचं काम.

पॉवर बटण दाबलं. काळी स्क्रीन आणि पांढरी अक्षरं : ‘नो बूटेबल डिव्हाइस’.

इथेच बहुतेक जण हात टेकतात. मीही रडायच्या बेतात होते. पण ते वाक्य नीट वाचा. लॅपटॉप सांगतोय की मी जिवंत आहे, फक्त सुरू कुठून व्हायचं ते मला सापडत नाहीये. साहजिक आहे, नवी डिस्क कोरी असते! त्यावर ऑपरेटिंग सिस्टिमच नाही, तर लॅपटॉप सुरू कशावरून होणार?

मग एकेक पायरी. बायोसमध्ये जा. माझ्याकडे एफ2 दाबून, काहींकडे डिलीट किंवा एफ10. तिथे नवी डिस्क दिसते का? दिसत नसेल तर ती नीट बसलेली नाही, काढून पुन्हा बसवा. माझी दिसत होती. म्हणजे अर्धी लढाई जिंकली. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनवला, तर लॅपटॉप त्याला ओळखेना. कारण पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने बनवलेला आणि बायोस ‘लेगसी’वर ठेवलेला. एक सेटिंग बदललं, चाललं. इन्स्टॉल झालं, रीस्टार्ट केला, तर पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉलेशन सुरू! यात माझा एक तास गेला. बूट ऑर्डरमध्ये पेनड्राइव्ह पहिला होता, एवढंच. तो काढला आणि डेस्कटॉप समोर आला. रात्रीचे पावणेदोन. मी आईला उठवून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘छान. झोप आता.’’

मी लिनक्स मिंट टाकलं. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 च्या अटींत एवढं जुनं मशिन बसत नाही. मिंट फुकट आहे, मराठी टायपिंग होतं, ब्राउझर आणि लिब्रेऑफिस चालतं. तुमच्या कोर्सला विंडोजवरचंच एखादं सॉफ्टवेअर लागत असेल, तर मात्र आधी विचार करा.

आणि विहिरी? जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून एकदाच जोडली आणि आधी एक्सेल फाइल्स कॉपी केल्या. 42 च्या 42 मिळाल्या. फोटो काढायला गेले आणि डिस्क कायमची गप्प झाली. त्यात गावातल्या एका आजोबांचा त्यांच्या विहिरीच्या काठावरचा फोटो होता. प्रिंट काढून देते म्हटलं होतं. ते राहून गेलं. नशीब दर वेळी साथ देत नाही, म्हणून आजच बॅकअप घ्या. हे वाचून झाल्यावर नको, आत्ताच.

दुकानदार काकांवर माझा राग नाही. अशा कामात त्यांचे तीन तास जातात आणि तीन तासांचे पैसे द्यायला आपण कुरकुरतो. सगळंच वाचवता येतं असंही नाही. मदरबोर्ड गेला असेल तर हिशेब वेगळा. बॅटरी फुगली असेल तर अजिबात हात लावू नका, थेट जाणकाराकडे न्या. पण निदान निकाल लागण्याआधी तपासणी तरी व्हावी ना?

राइट टू रिपेअरची चर्चा आपल्याकडेही आहे. ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 ला त्यासाठी पोर्टलही सुरू केलं. पण स्क्रू ड्रायव्हर हातात धरायचीच भीती वाटत असेल तर हक्क वापरणार कोण? आपल्या टेक फेस्टमध्ये रोबो असतात, ड्रोन असतात. एका टेबलावर स्क्रू ड्रायव्हरचा सेट, केसिंग आणि दोन पेनड्राइव्ह ठेवून ‘तुमचा बंद लॅपटॉप आणा’ असं कुणी का म्हणत नाही? एनएसएसच्या कॅम्पमध्ये एक दिवस यालाही देता येईल. नवा लॅपटॉप घेताना रॅमचे गिग जरूर विचारा. सोबत हेही विचारा, की यातली डिस्क आणि रॅम बदलता येते का? बऱ्याच सडपातळ मॉडेल्समध्ये रॅम बोर्डालाच चिकटलेली असते, काहींत तर स्टोरेजही.

सबमिशन वेळेत झालं. परवा मैत्रिणीच्या भावाचा लॅपटॉप बंद पडला, त्याने मला फोन केला. मी आधी एकच विचारलं, ‘‘स्क्रीनवर काय लिहून येतंय? नीट वाच.’’