शिवणीतील माया

नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकाच्या आसपासच्या एका बोळात, जुन्या वाड्याच्या ओट्यावर शिलाईचे यंत्र मांडून बसणाऱ्या एका शिंप्याकडे मी मागच्या महिन्यात नातवाची विजार घेऊन गेलो. दसऱ्याला विकत घेतलेली, दिवाळी यावयाच्या आत आसनावर उसवलेली आणि मुलगा दोन बोटे उंच होताच घोट्यांच्या वर चढलेली अशी ती विजार त्यांनी उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला, खालची दुमड चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाले, "काकाजी, यात मायाच नाही जी. सोडू कुठून?"

शिवणीच्या आत दुमडून राखलेल्या कापडाला शिंप्यांनी 'माया' हे नाव कोणी, केव्हा दिले असेल ते असो; परंतु लेकराचे अंग वाढेल, कंबर सुटेल, कापड एखाद्या ठिकाणी विरेल आणि त्या वेळी हे उपयोगी पडेल, या विचाराने आज कोणाच्याही दृष्टीस न पडणाऱ्या जागी जो शिल्लक ठेवतो, त्याच्या त्या कृत्याला याहून यथार्थ शब्द सापडणार नाही. त्या विजारीत शिवणीला लागूनच कापड छाटले होते आणि कडेला ओव्हरलॉकच्या बारीक दोऱ्याचे वेटोळे घातले होते. एका नगात अर्धे बोट कापड वाचले तर गिऱ्हाइकाला ते कळत नाही, पण लाखो नगांच्या जमाखर्चात ती रक्कम मोठी होते. आणि माझा आक्षेप नेमका याच हिशेबावर आहे, कारण कारखान्यात वाचलेल्या त्या अर्ध्या बोटाची भरपाई आपण दर हंगामाला एक नवा कपडा घेऊन करीत असतो.

वस्त्राला इतके क्षुद्र समजण्याची रीत या वस्तीची कधीच नव्हती. नागपूरकर भोसल्यांना सेनासाहेब सुभा हे पद मिळाले म्हणजे त्या पदाची 'वस्त्रे' मिळाली असे म्हणत. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत वस्त्रांसाठी जामदारखाना हा स्वतंत्र कारखाना असे. राजवाड्याच्या आश्रयाने ज्या शहराची भरभराट झाली, त्याच शहरात गोळीबार चौक, पाचपावली, तांडापेठ, नाईक तलाव या भागांत कोष्ट्यांचे माग चालत आणि त्या मागांवरील रेशीमकाठी धोतरे आणि लुगडी यांचा लौकिक दूरवर होता. पूर्व विदर्भातील ऐन-अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या कोशांच्या टसरीपासून विणलेली करवतकाठी साडी ज्यांनी हाती घेऊन पाहिली असेल, त्यांना ठाऊक आहे की तिचा करवतीच्या दात्यांसारखा काठ वरून जोडलेला नसतो. तीन धोट्यांनी विणताना काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा ओळीओळीला एकमेकांत अडकवीत जावे लागते, त्यामुळे काठ अंगापासून सुटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

माझ्या आईचे एक नागपुरी लुगडे मला चांगले आठवते. गडद जांभळ्या रंगाचे, तांबड्या काठाचे ते नऊवारी लुगडे तिने कित्येक वर्षे नेसले. पुढे बसण्याउठण्याच्या जागी ते विरले तेव्हा तेवढा भाग कापून काढून तिने दोन्ही धडके तुकडे जोडले, त्याला दांड भरला, आणि दांडाचे लुगडे म्हणून घरात आणखी काही वर्षे वापरले. नंतर त्याची आम्हा भावंडांसाठी दुपटी झाली, दुपट्यांची गोधडी झाली, गोधडीच्या चिंध्यांनी चुलीपुढची जमीन सारवली गेली. यात दारिद्र्य होते हे मी नाकारीत नाही. तथापि दांड भरण्याजोगे कापड असल्यावाचून दांड भरता येत नाही, आणि तसे कापड त्या काळी सामान्य कारकुनाच्या घरीही येत असे, हीही गोष्ट तितकीच खरी आहे.

यंत्रयुगालाच दोष द्यावा, असे माझे म्हणणे नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी जुम्मा तलावाजवळ सुरू झाली. मिलच्या कापडाने कोष्ट्यांच्या पोटावर पाय आला हे खरे, पण ते कापड अंगी दणकट होते आणि त्यावर शहरातील हजारो कुटुंबांचा चरितार्थ चालला. ती मिल बंद पडली आणि आज त्या जागेवर व्यापारी संकुल उभे आहे. मिलीच्या पाठोपाठ जे आले ते वेगळ्याच प्रकारचे आहे. जगात तयार होणाऱ्या तंतूंपैकी निम्म्याहून अधिक आता पॉलिएस्टर, म्हणजे खनिज तेलापासून काढलेला धागा आहे. तो प्रत्येक धुण्यात सूक्ष्म कण सोडतो, ते कण नदीनाल्यांत जातात आणि कुजत नाहीत. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ सावर येथे तयार कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसत असूनही त्यांना कामावर बोलाविण्यात आले होते, कारण मालाची मुदत टळू द्यावयाची नव्हती.

यावर कोणी म्हणेल की कापूसही निर्दोष नाही, एका सुती सदऱ्यामागे सुमारे 2,700 लिटर पाणी लागते असे सांगतात. परंतु विदर्भातील बहुतांश कापूस कोरडवाहू, आभाळाच्या पाण्यावर येणारा आहे. त्या कापसाचे मोल पिकविणाऱ्याच्या हाती पडत नाही हे दुःख निराळे आणि त्याहून मोठे आहे. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते झाले. त्या संस्थेत आजही विदर्भातील सेंद्रिय कापसाची खादी नैसर्गिक रंगांत तयार होते. वर्धा नागपूरपासून दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. आपण तेथे जात नाही, एवढेच.

हातमागाचे वस्त्र महाग पडते, ही तक्रार ज्याच्याजवळ सणाला एकच सदरा घेण्याची ऐपत आहे त्याच्या तोंडी मला पूर्णतः मान्य आहे. त्याच्याकडे बोट दाखविण्याचा मला अधिकार नाही. मी बोलतो आहे ते ज्यांची कपाटे मिटत नाहीत अशा माझ्यासारख्या पगारदार आणि पेन्शनर मंडळींशी. तीन सदऱ्यांच्या पैशांत एक घ्यावा, गांधीबागेतून किंवा इतवारीतून चार हात चांगले कापड फाडून आणावे, ते आपल्या गल्लीतल्या शिंप्याकडे द्यावे, यात त्याग मुळीच नाही. आणि महानगरपालिकेकडेही माझी एक मागणी आहे. शाळांच्या गणवेशाचा मक्ता देताना केवळ सर्वांत कमी दराकडे न पाहता, काही कापड येथल्याच मागांवरून घेण्याची आणि प्रत्येक नगात किती माया असावी हे करारात स्पष्ट लिहिण्याची तजवीज तिने करावी. शाळकरी मुलगी वर्षात किती वाढते हे मक्तेदाराला ठाऊक नसेल, पण ज्या आईने झग्याची दुमड दर जूनमध्ये एकेक बोट सोडली आहे आणि सुटलेल्या दुमडीची फिकी रेघ इस्त्रीने घालविण्याचा प्रयत्न केला आहे, तिला ते पुरते ठाऊक असते.

ती विजार दुरुस्त झाली नाही. गेल्या रविवारी मी दुसऱ्या विजारीसाठी जाडसर सुती कापड घेऊन त्याच ओट्यावर गेलो. शिंप्याने नातवाचे माप घेतले, पट्टी खांद्यावर टाकली, त्याच्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिले, आणि मला न विचारताच वहीत मापापुढे लिहिले : खाली माया, चार बोटे.