कॅमेरा कुणाच्या हातात?

१९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. शंभर वर्षांनी, २०१३ साली, नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’तल्या जब्यानं थेट कॅमेऱ्याच्या दिशेनं दगड भिरकावला. बरोबरच केलं!

कॅमेरा वरनं धरला की माणूस खुजा दिसतो, खालनं धरला की उंच. कुणाला कुठं कापायचं, ते एडिटिंग करणारा ठरवतो. हे गणिताइतकंच शाळेत शिकवलं पाहिजे. केरळात २०१८ साली सुरू झालेल्या ‘लिटल काइट्स’मध्ये सरकारी शाळांतली पोरं व्हिडिओचं काम शिकतात. आणि आमच्या पालिकेच्या शाळेतल्या पोरांनी काय, गॅदरिंगच्या फोटोत नुसतं रांगेत उभं राहायचं?

झाडूवाल्या आईची पहाट तिची पोरगी टिपेल, तेव्हा कॅमेरा आईच्या डोळ्यांच्या उंचीवर असेल.

छंदवर्गाची भीक नको. वेळापत्रकात हक्काचा तास हवा!