पत्त्यांआधी नाडी पाहा

पित्ताच्या गोळ्या मागायला आलेल्या माणसाचे दुखणे पोटातच असते असे नाही, हे पंचवीस-तीस वर्षे दवाखाना चालविल्यावर कळू लागते. २०२४ च्या पावसाळ्यात असाच एक तरुण आला. वय बत्तीस, स्वतःचे छोटे दुकान. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडा बदलला आहे.) छातीत जळजळ, डोके जड, झोप नाही आणि रक्तदाब १५०/१००. तपासण्यांत काही सापडले नाही. तिसऱ्या खेपेला पत्नी सोबत आली आणि तिनेच निदान केले. "डॉक्टर, हे रात्री तीन-तीन वाजेपर्यंत मोबाइलवर पत्ते खेळतात. पैशाने."

तिला बाहेर बसवून मी त्याला बोलते केले. खेळ होता पोकर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाच्या हातात दोन पाने झाकलेली असतात आणि मध्ये टप्प्याटप्प्याने पाच पाने उघडली जातात. या सात पानांतून ज्याची पाच पानांची जुळणी उत्तम, त्याचा डाव. दरम्यान पैसे लावणे चालूच असते. एखादा खेळाडू आपल्यापुढची सगळी रक्कम एकदम लावून टाकतो, त्याला 'ऑल-इन' म्हणतात. मग समोरच्याला दोनच मार्ग उरतात. तेवढीच रक्कम लावून पाने बघायची, म्हणजे 'कॉल' करायचा, नाहीतर पाने टाकून द्यायची. मोबाइलवर हे ठरवायला मोजके सेकंद मिळतात.

त्याने माझ्याच चिठ्ठीच्या मागे एक डाव मांडून दाखविला. हातात दोन बदाम आणि मध्ये उघडलेल्या चार पानांतही दोन बदाम. शेवटचे पान बदामाचे निघाले तर पाच बदाम जुळून डाव बहुधा त्याचा. मध्ये सहा हजार जमलेले होते आणि समोरच्याने बारा हजारांचा ऑल-इन केला. आता गणित पाहा. बावन्नपैकी सहा पाने दिसत आहेत, उरली ४६. त्यांत बदाम ९. म्हणजे शंभरात साधारण वीस वेळा बदाम येणार. बारा हजार घालून तीस हजारांचा डाव मिळणार असेल, तर शंभरात किमान चाळीस वेळा जिंकण्याची खात्री हवी. इथे ती त्याच्या निम्मीच होती. पाने टाकावीत हे उघड होते, आणि ते त्यालाही ठाऊक होते.

"मग काय केलेस?"

"कॉल केला."

"आणि?"

"बदाम आला, डॉक्टर!"

इतक्या दिवसांत प्रथमच त्याचा चेहरा उजळला. पुढच्या तीन आठवड्यांत ते तीस हजार गेले आणि वर आणखी पावणेदोन लाख गेले. त्यांत दुकानाच्या मालाचे पैसे होते आणि मुलीच्या शाळेची फी होती.

माझ्या मते त्या एका बदामानेच त्याचा घात केला. छातीत दुखत असताना एखादा माणूस सोडा पिऊन झोपतो आणि सकाळी बरा उठतो. पुढच्या वेळीही तो सोडाच पितो. निकाल चांगला लागला म्हणून निर्णय चांगला होता असे नव्हे, पण मेंदूला हा भेद सहज कळत नाही. कधीतरी, अवचित मिळणारे बक्षीस सवय फार घट्ट करते. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतील कबुतरे दाणा कधी मिळेल याचा नेम नसताना चोचीने कळ दाबतच राहत. हातातला मोबाइल तीच कळ आहे.

दुसरे कारण तोटा. त्या रात्री तो आधीच हरत आलेला होता. माणूस फायद्यात असताना जपून वागतो. तोट्यात आला की थोडे नुकसान सोसून उठण्याऐवजी मोठा धोका पत्करतो. डॅनिएल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली हे मांडले आणि पुढे २००२ साली काहनेमन यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. "इतके घातलेत, आता कसा सोडू?" हा प्रश्न पत्त्यांच्या टेबलावर, कोर्टाच्या खटल्यात आणि चौथ्यांदा कोरड्या लागणाऱ्या बोअरवर सारखाच विचारला जातो. घातलेले पैसे मात्र गेलेले असतात. विचार करायचा तो पुढच्या पैशाचा.

तिसरे कारण झोप. जागरणाने शिणलेल्या मेंदूला नफ्याची आशा मोठी आणि तोट्याची भीती लहान दिसते, असे प्रयोगांत आढळले आहे. रात्री दोन वाजता छाती धडधडत असताना केलेले गणित बरोबर आले तरी हात त्याचे ऐकत नाही. म्हणून मी त्याला म्हणालो, "ऑल-इन आला की पाने नंतर बघ, आधी स्वतःची नाडी बघ."

आम्ही डॉक्टरही रोज झाकल्या पानांवर निर्णय घेतो. ताप साधा की डेंग्यूचा, थांबायचे की मोठ्या दवाखान्यात पाठवायचे? पण मला रक्त तपासता येते, संध्याकाळी पुन्हा बोलावता येते, एखाद्या ज्येष्ठ डॉक्टरांना फोन करता येतो. खेळाच्या पडद्यावर उलटा मोजणारा काटा असतो. विचाराला वेळ मिळू नये अशीच ती मांडणी आहे.

कोणी म्हणेल, पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ जुगार नव्हे. काही अंशी ते खरे आहे. हजारो डावांचा हिशेब धरला तर शांत, हिशेबी खेळाडू इतरांपेक्षा पुढे राहतो. पण त्याचे मोठे कौशल्य पाने टाकण्यातच असते. बहुतेक डाव तो मुकाट्याने सोडतो. ज्याला सोडवत नाही, त्याच्याकडे ते कौशल्य नाही. शिवाय खेळ चालविणारा डावांतून आपला वाटा काढून घेतो. जिंको कोणीही, त्याची कमाई चालू.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या दुःखाचे अख्खे सूक्त आहे. आणि द्यूतसभेत युधिष्ठिराने राज्य, भाऊ, स्वतः आणि शेवटी द्रौपदीला पणाला लावले, तो ऑल-इनच होता. धर्मराजासारखा विवेकी माणूस थांबू शकला नाही, तर आपण "मनावर ताबा ठेव" एवढे सांगून मोकळे होण्यात अर्थ नाही.

जुगाराचे व्यसन हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत त्याची नोंद व्यसनांच्या गटातच आहे. कंपवाताच्या काही औषधांमुळेही एखाद्या रुग्णाला अचानक जुगाराची ओढ लागते. असे घडल्यास औषध आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. अशी उदाहरणे पाहिली की हा नुसता चारित्र्याचा दोष नाही हे पटते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. मला तो आवश्यकच वाटतो. पण परदेशातून चालणारे खेळ आडवाटेने मोबाइलवर येतात, आणि बंदीने व्यसन एका रात्रीत सुटत नाही. या कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालविणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना, खेळणाऱ्याला नाही. म्हणून कोणीही भीतीपोटी उपचार टाळू नयेत.

घरच्यांनी काय करावे? लपविलेले कर्ज, रात्रीचा मोबाइल, पैशाच्या थापा, हरलेले परत मिळविण्याचा ध्यास, ही लक्षणे ओळखा. टोमणे मारू नका, पण गुपचूप कर्जही फेडून टाकू नका. त्यातून पुढच्या डावाला भांडवल मिळते. सगळे कर्ज एकदा कागदावर मांडा, काही काळ पैशाचे व्यवहार घरच्या दुसऱ्या माणसाकडे द्या आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. "जगून काय करू?" असे कोणी म्हणाले तर ते नाटक समजू नका, त्याला एकटे सोडू नका. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक रात्रंदिवस मोफत चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

आमचा तो तरुण उपचार घेतो आहे. मध्ये दोनदा घसरला, पण दोन्ही वेळा स्वतः येऊन सांगितले. दुकानाचा गल्ला आता पत्नी पाहते. रक्तदाब उतरला आहे आणि पित्ताच्या गोळ्या बंद झाल्या आहेत. मागच्या महिन्यात मी विचारले, "अजून ओढ वाटते?"

"वाटते ना," तो म्हणाला. "पण आता मी पाने हातात घ्यायच्या आधीच टाकतो."

ऑल-इनचा निर्णय घ्यायची खरी वेळ तीच. पाने हातात आल्यावर फार उशीर झालेला असतो.