चार रंग, दोन हात

परवा फराळाचा मोठा डबा काढायला माळ्यावर चढलो, तो डब्याआधी माझी जुनी रंगपेटी खाली आली. उघडून पाहतो तर चारच नळ्या जिवंत! पांढरा, काळा, तांबडा आणि पिवळ्या मातीचा यलो ओकर. निळ्याचा पार दगड झालेला. एरवी मी पेटी मिटली असती. पण स्वीडनचा चित्रकार आन्देर्स झोर्न (१८६०–१९२०) याच चार रंगांसाठी ओळखला जातो, हे आठवले आणि धीर आला.

काढायची होती आई. तिला जाऊन आता तीन वर्षे होतील. फोटो समोर ठेवून नाकडोळे बिनचूक उतरवले. चित्र थेट आधारकार्डावरच्यासारखे झाले! टर्पेंटाइनच्या बोळ्याने सारे पुसून टाकले, फोटो उलटा ठेवला आणि डोळे मिटून तिला आठवू लागलो.

आठवले ते फक्त हात. पोळी वाढणारे, ताक ओतणारे.

मग हातच काढले, डोक्याहून मोठे. त्यांच्या भाराने खांदा आपोआप वाकला. चेहरा लहान होऊन बाजूला वळला. काळ्यात पिवळा मिसळला की हिरवट छटा येते, ती शिरांना दिली. काळ्यापांढऱ्याची राख तांबड्याशेजारी निळसर भासते. तिचे निळे पातळ त्यातच निभावले.

गोव्यात साळगावला जन्मलेला फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४–२००२) माणसांचे चेहरे असे वेडेवाकडे का काढतो, म्हणून मी पूर्वी हसत असे. आता हसू येईना. मनावर ज्याचा भार अधिक, ते चित्रात मोठे होते. त्याला प्रमाणाची पट्टी लावून चालत नाही.

चकलीची बशी घेऊन ही आली.

“अहो, आईंचे हात केवढे काढलेत!” म्हणाली, मग जरा थांबून, “आहेत मात्र त्यांचेच. पण चेहरा का नाही नीट काढला?”

काय सांगणार? जेवताना माझ्यासमोर नेहमी वर्तमानपत्र असे. त्याच्या कडेवरून हात तेवढे दिसत. मान वर करून मी पाहिलेच कधी?

तैलरंग कित्येक दिवस ओला राहतो, चूक सुधारायला सवड देतो. चेहऱ्याची जागा मात्र मी तशीच ठेवली आहे.

त्या रात्री वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले. ही वाढत होती. मी वर पाहिले.

“काय हवंय?”

“काही नाही. वाढ.”