तळघराला साग कशाला?

तळघरात खोली काढायची म्हटली की नागपूरकर आधी लकडगंज गाठतो. आरा मशीनवर आलापल्ली-बल्लारशाकडच्या सागाचा वास आला की भान सुटतं, मग पाकीटही. माझ्या मते तळघराच्या भिंतीवर साग चढवणं म्हणजे पैठणी नेसून भांडी घासणं. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते. तीच ओल भिंतीत उतरते आणि तिच्यामागे वाळवी. त्यापेक्षा आधी पाणी न शोषणाऱ्या एक्सपीएसच्या (उष्णतारोधक फोमच्या) पाट्या भिंतीला चिकटवा, सांध्यांसकट बंद करा आणि जीआय चॅनेलचा सांगाडा त्यांच्या पुढे उभा करा. काचलोकर नको, ओल धरली की ती कामातून गेली. तसंही मे महिन्यात पारा 45 अंशांपार गेला तरी जमिनीखालची भिंत फारशी तापत नाही. तापतो तो जमिनीवर आलेला भाग, आणि त्याहून गच्ची; उष्णता अडवायचा पैसा तिथे घाला. कूलर मात्र तळघरात चुकूनही लावू नका, ओलीत भर पडते. मुख्य म्हणजे एक पावसाळा भिंत उघडी ठेवून पाणी कुठून येतं ते बघा, आणि ते थांबल्याशिवाय सुताराला विसार देऊ नका.