जालना वाचायचा तर एका कपाटावर भागत नाही

जालना म्हटले की बाहेरच्या माणसाला बियाण्यांच्या कंपन्या, सळईचे कारखाने आणि मोसंबीच्या बागा आठवतात. त्यापुढे फारसे काही आठवत नाही आणि त्याला फार दोष देता येणार नाही, कारण या जिल्ह्याबद्दल जे लिहिले गेले ते एका जागी कधी आलेच नाही. जांबेत जन्मलेला कवी संतवाङ्मयाच्या कपाटात आहे, असईची लढाई लष्करी इतिहासात, बेथेल वसवणारा धर्मोपदेशक मिशनच्या जुन्या कागदांत आणि सातोन्याचा कादंबरीकार विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात. कवितेचा वाचक इतिहासाकडे फिरकत नाही, इतिहासाचा अभ्यासक चरित्राला ‘गोष्टी’ म्हणून बाजूला सारतो आणि चरित्रांत रमणारा कवितेला हात लावत नाही. हे आवडीनिवडीचे प्रश्न आहेत असे आपण मानतो. माझ्या मते हा खरेखोटे पारखण्याचा प्रश्न आहे. या तिन्हींपैकी एकच प्रकार धरून बसणाऱ्याचे ज्ञान अपुरे राहते हे तर झालेच, पण पुष्कळदा तो चुकीचेच काही घट्ट धरून बसतो.

रामदासांचेच घ्या. नारायण सूर्याजी ठोसर यांचा जन्म १६०८ चा, आजच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थचा. बोहल्यावर ‘सावधान’ ऐकून पळालेला मुलगा शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. ही ओळख चरित्रांनी करून दिलेली. समर्थांच्या सहवासात राहिलेल्या गिरिधरस्वामींनी ‘समर्थप्रताप’ लिहिला. पण लोकांच्या मनात बसलेले चमत्कारांनी भरलेले समर्थ मुख्यतः हनुमंतस्वामींच्या बखरीतून आले आणि ती बखर समर्थांच्या निधनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी रचली गेली. विसाव्या शतकात इतिहासवाले या बखरीवर तुटून पडले, ते योग्यच झाले. धुळ्याच्या शंकरराव देवांनी मठामठांतून कागद गोळा केले, शिवाजी महाराज आणि रामदास यांची पहिली भेट १६४९ ची की १६७२ ची यावर पिढ्यान् पिढ्या लेखण्या झिजल्या. वाद तारखेचा होता, भांडण मात्र जातीचे झाले. या सगळ्या धुमाळीत बाजूला पडली ती रामदासांची कविता. ‘परचक्रनिरूपण’ आणि ‘अस्मानी सुलतानी’ ही प्रकरणे वाचली की लक्षात येते की १६३० ते १६३२ च्या भयंकर दुष्काळाच्या वेळी हा माणूस ऐन विशीत होता आणि त्यानंतरची कितीतरी वर्षे त्याने उजाड मुलूख पायी तुडवला. लोकांचे परागंदा होणे, अन्नावाचून मरणे, सैन्यांच्या येण्याजाण्यात गावे ओस पडणे यांची त्याने जी नोंद केली ती ना बखरीत सापडते ना तारखांच्या वादात. ती वाचल्यावर दासबोधातला प्रपंच नेटका करण्याचा आग्रह वेगळाच ऐकू येतो. घरे मोडलेली पाहिलेल्या माणसाचा तो आग्रह आहे.

यावर इतिहासाचा शिस्तबद्ध अभ्यासक म्हणेल की कविता हा पुरावा नव्हे. कवी वाढवून सांगतो, तारीख देत नाही, मोजत नाही. आक्षेप खरा आहे आणि कवितेवरून तारीख ठरवू पाहणाऱ्याला तो ऐकवलाच पाहिजे. पण आपल्याकडे मोजणारे तरी कोण होते? बखरकाराला धन्याची थोरवी सांगायची होती, तवारिखा लिहिणाऱ्याला बादशहाची. १६७९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांच्या फौजेने जालना लुटले. बखरकार सभासद ती मोहीम, परतीच्या वाटेवर रणमस्तखानाशी झालेली झुंज आणि सिधोजी निंबाळकरांचे पडणे सांगतो. मोगल बाजूचे लेखक त्याच घटनेला, धनिकांना आश्रय देणाऱ्या जान महंमद नावाच्या सत्पुरुषाचा शाप जोडतात आणि पाचएक महिन्यांनी झालेल्या महाराजांच्या निधनाचे कारण तिथे शोधतात. एकच बाजू वाचणारा एक तर नुसता पराक्रम घेऊन उठेल, नाही तर नुसता शाप. दोन्ही वाचणाऱ्याच्या हाती तिसरीच गोष्ट लागते. दख्खनच्या सुभ्यातले जालना तेव्हा एवढी श्रीमंत पेठ होते की तिच्यासाठी लांबची दौड परवडत होती आणि पेठेतल्या धनिकांना फकिराच्या आश्रयाला जाण्यात काही वावगे वाटत नव्हते. पुरावा शुद्ध असावा लागतो असे नाही, तो दुसऱ्या पुराव्याशेजारी ठेवावा लागतो. मराठीतला पहिला मोठा चरित्रग्रंथ ‘लीळाचरित्र’ याच जाणिवेतून उभा राहिला. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या. चक्रधरांचे स्थान मानल्या जाणाऱ्या भोकरदन तालुक्यातल्या जाळीच्या देवाला दरवर्षी हजारो भाविक जातात. त्यांतल्या थोड्यांनी जरी तो ग्रंथ इतिहासाची रीत म्हणून उघडला तरी पुष्कळ झाले.

असईचे प्रकरण अधिक बोलके आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या जमिनीवर आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. इंग्रजी चरित्रांत ही लढाई एका माणसाच्या डोक्याची कमाल म्हणून येते. वाटाडे उतार नाही म्हणत असताना नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे पाहून, अशी गावे असतील तर उतार असणारच, असे त्याने ताडले आणि फौज पलीकडे नेली. पुढे वॉटर्लू जिंकूनही आयुष्यातली सर्वांत चांगली कामगिरी कोणती या प्रश्नाला त्याने असईचे नाव घेतले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकाराने १९९८ साली या लढाईवर अख्खी कादंबरी लिहिली. मराठी वाचकाच्या मनात मात्र पानिपताला जी जागा आहे तिच्या पासंगालाही असई पुरत नाही. पराभव दोन्हीकडे होता. पण पानिपताला पोवाडे, बखरी आणि कादंबऱ्या मिळाल्या, असईला पाठ्यपुस्तकातली एखादी ओळ. त्या ओळीतून असे वाटते की इकडे मराठे होते, तिकडे इंग्रज. लष्करी इतिहास उघडला की हे चित्र विस्कटते. शिंद्यांच्या कवायती कंपूंचे नेतृत्व पोलमन नावाच्या जर्मन अधिकाऱ्याकडे होते, शिवाय सरधन्याच्या बेगम समरूची पलटणे होती. वेलस्लीकडे गोरे थोडे, मद्रासचे शिपाई पुष्कळ, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या बाजूचे घोडदळही होते. शिंद्यांच्या तोफखान्याने इतका नेमका मारा केला की इंग्रजांचे सुमारे १६०० लोक मेले किंवा जखमी झाले आणि तोफा हातच्या जाईपर्यंत गोलंदाज जागचे हलले नाहीत. पळपुटेपणाची कहाणी ज्यांनी ऐकली त्यांनी ही माहिती वाचलेली नसते. ती आपल्याकडच्या भाषणांत कमी आणि शत्रूच्या खलित्यांत अधिक आहे.

इथे लष्करी इतिहासही तोकडा पडतो. तोफा किती सापडल्या हे तो सांगतो, ९८. पण ज्यांच्या शेतांत त्या सापडल्या त्यांचे काय झाले हे सांगत नाही. त्यासाठी गॅझेटियर पाहावे लागते. १८०३-०४ चा दुष्काळ तिथे भेटतो आणि फौजांच्या हालचालींनी तो कसा चिघळला हेही कळते. लढाईच्या दिवशी वेलस्लीबरोबर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता, वय वर्षे २३. पुढे मुंबईचा गव्हर्नर आणि हिंदुस्थानच्या इतिहासाचा लेखक झालेला हा तरुण छावणीत फारसी काव्य वाचत असे आणि मित्रांना पत्रे लिहीत असे. कोलब्रुकने १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्याच्या चरित्रात ती पत्रे आहेत आणि योगायोग असा की निजामी राजवटीतले औरंगाबादचे गॅझेटियरही १८८४ चेच आहे. एकात लढाईचा थरार आहे, दुसऱ्यात त्याच मुलखाची पिके, सारा आणि ओढेनाले. दोन्ही पुस्तके एकत्र उघडून बसणारा मराठी वाचक आपण अजून तयार केलेला नाही.

चरित्राच्या वाचनातून किती अनपेक्षित दारे उघडतात याचे उदाहरण बेथेलचे. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे जालन्याजवळ निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्याने बेथेल ही वसाहत उभारली; तिथे आलेल्यांत मांग समाजातले लोक बहुसंख्य होते. मराठी वाचकाला मात्र ठाऊक असतो तो त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, तोही बाळशास्त्री जांभेकरांच्या चरित्रातला. मिशनऱ्यांकडे गेलेल्या श्रीपतला परत जातीत घ्यावे म्हणून जांभेकर सनातन्यांशी भांडले, हा प्रसंग दर्पणकारांच्या धैर्याचा म्हणून सांगितला जातो. धाकट्याची कथा पत्रकारितेच्या इतिहासात आणि थोरल्याची मिशनच्या इतिहासात अशी वाटणी झाल्यामुळे एकाच घरातून निघालेले हे दोन रस्ते आपण कधी जोडले नाहीत. धर्मांतरावर आज जितके तावातावाने बोलले जाते तितक्या प्रमाणात ही दोन चरित्रे वाचली जात नाहीत.

कादंबरीकार बी. रघुनाथांबद्दल थोडक्यात. भगवान रघुनाथ कुलकर्णी १९१३ मध्ये सातोन्याला जन्मले. परतूर तालुका तेव्हा परभणीत होता, म्हणून ते परभणीचे ठरले आणि त्यांची नोकरी व हयात तिथेच गेल्यामुळे परभणीने त्यांना जिव्हाळ्याने जपलेही. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्या रेषेने लेखक पलीकडे राहिला आणि गाव अलीकडे आले, एवढ्यावरून जालन्याने त्यांच्यावरचा हक्क सोडून देण्याचे कारण नाही. उर्दूत चालणाऱ्या राज्यात, सरकारी कचेरीत कारकुनी करत मराठी कविता आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या या माणसाचे १९५३ मध्ये चाळिशीत निधन झाले. मुक्तिसंग्रामाचा इतिहास आपल्याला सत्याग्रह आणि पोलीस कारवाई सांगतो. त्या काळात घाबरून, जुळवून घेत, कुढत जगणारा मध्यमवर्ग ‘हिरवे गुन्हेगार’ आणि ‘म्हणे लढाई संपली’ यांच्या लेखकाकडे मिळतो.

आता मोठा आक्षेप. ज्या जिल्ह्यात पावसाने दगा दिला की टँकर सुरू होतात आणि मुलांना नोकरी हवी आहे, तिथे हे चौफेर वाचन कोणाला परवडणार? ग्रंथालये अभ्यासिका झाली आहेत कारण गरज तीच आहे. गरज मान्य. चौफेर वाचनाने मुलाखतीत गुण वाढतात असे सांगून मला हा आक्षेप उडवून लावायचा नाही. तसे सांगणे म्हणजे वाचनालाही परीक्षेच्या रांगेत उभे करणे झाले. पण अभ्यासिका आणि ग्रंथालय यांनी एकमेकांना हाकलण्याचे कारण काय? १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावी अ, ब, क, ड वर्गाची ग्रंथालये उभी राहिली. त्यांतल्या एकेका कपाटात, वर्गीकरणाचे क्रमांक बाजूला ठेवून, आपल्या तालुक्याशी संबंधित कविता, चरित्र, गॅझेटियर आणि कादंबरी शेजारी-शेजारी लावायला नवे अनुदान लागत नाही. दिवसभर तारखा पाठ करणाऱ्या मुलाच्या हाताला ते कपाट लागले तरी पुरे.

दुसरा आक्षेप विद्वानांचा. असे वाचणारा सगळ्यात थोडे थोडे चाखतो, कशातच मुरत नाही आणि शेवटी गावाचा अभिमान मिरवत बसतो. धोका खोटा नाही. मात्र वर घेतलेल्या प्रत्येक उदाहरणात एका पुस्तकाने दिलेला अभिमान दुसऱ्या पुस्तकाने जरा कमीच केला आहे. अभिमान फुगतो तो एकाच प्रकारची पुस्तके वाचल्याने. खरी अडचण भाषेची आहे. या जिल्ह्याचे कागद फारसी, उर्दू आणि इंग्रजीत, शिवाय मोडी लिपीत पडले आहेत आणि हे सगळे वाचता येणारा वाचक दुर्मीळ. म्हणून इथल्या महाविद्यालयांतील मराठी आणि इतिहास या दोन विभागांनी मिळून पहिले काम अनुवादाचे हाती घ्यावे. असईसंबंधीचे वेलस्लीचे खलिते, एल्फिन्स्टनची त्या आठवड्यातली पत्रे आणि गॅझेटियरमधला जालन्याचा भाग, एवढे तीनच मजकूर आधी. छापील पाने फार तर दोनेकशे होतील. त्यांच्या तळटीपा लिहायला भोकरदन-जाफराबादकडचे शेतकरी लागतील, कारण १८०३ मध्ये इंग्रजांनी कानावर पडेल तशी लिहिलेली गावांची आणि ओढ्यांची नावे आज कुठली, हे तेच सांगू शकतील.